कॉम्प्युटर दुपारीच का हँग होतो?

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला आमच्या घरात पाय ठेवायची गरजच नाही, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगतो. त्यामुळे "अरे, हा पुन्हा हँग झाला!" असं बायको ओरडली तेव्हा मी बाह्या सरसावूनच गेलो.

बायको आर्किटेक्ट. काम घरूनच. एका शाळेचा नकाशा पाचपर्यंत पाठवायचा होता, नाहीतर ते काम दुसऱ्याच्या घशात! आणि फाइल सेव्ह करायला गेलं की कॉम्प्युटर ढिम्म. माउससुद्धा हलेना.

"व्हायरस!" मी निदान केलं. तपासलं, तर एक सापडेल तर शपथ!

"मग धूळ!" सीपीयू उघडून आतला पंखा पुसला. चालू केला आणि फाइल चुटकीसरशी सेव्ह!

"बघितलंस?" मी म्हणालो. तेवढ्यात पुन्हा हँग.

"बघतेय ना," बायको म्हणाली.

आता मात्र मला चैन पडेना. मध्येच चालतो, मध्येच रुसतो, हा प्रकार काय? इतक्यात आतल्या खोलीतून घोरणं ऐकू आलं. माझे सासरे! रिटायर झाल्यापासून आमच्याकडेच असतात आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर पत्ते खेळतात. जरा वेळाने घोरणं थांबलं, पत्ते सुरू झाले, आणि इकडे फाइल सेव्ह! पुन्हा घोरणं, पुन्हा ढिम्म!

"बाबांच्या झोपेचा याच्याशी काय संबंध?" बायको चक्रावली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फाइलींची एक प्रत लॅपटॉपवरही राहावी म्हणून मीच मोठ्या हौसेने दोन्ही कॉम्प्युटर जोडले होते. सासरे झोपले की लॅपटॉपही झोपायचा, आणि हा बिचारा त्याचं दार ठोठावत बसायचा!

"म्हणजे हे तू केलंस?"

"ते नंतर बोलू!" जोडणी काढायला गेलो, तर तिथेही हँग! घड्याळ पाचाकडे धावत होतं. मी आत पळालो. "बाबा, उठा! पत्ते खेळा! नाहीतर तुमच्या मुलीचं काम जाईल!"

सासरे ताडकन उठून बसले. पाचाच्या ठोक्याला नकाशा गेला. काम मिळालंसुद्धा! मग मी निवांतपणे जोडणी काढून टाकली.

पण सासऱ्यांना हे सांगायचं नाही, अशी बायकोची सक्त ताकीद आहे. रिटायर झाल्यापासून बाबा इतके खुशीत कधीच नव्हते म्हणे! आता दुपारभर डोळे ताणून खेळतात. मधूनच हाक मारतात, "मी जागा आहे गं! कर सेव्ह!" काल मित्राला फोनवर सांगत होते, "रिटायर कसला? मुलीचं ऑफिस मीच चालवतो! जावई? आहे ना घरात. पण त्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही रे!"