पिवळी गाडी वेशीवरून रिकामी परतली त्याची हकीकत

वाचणाऱ्यांस आणि वाचता न येणाऱ्यांसही विदित व्हावे, जे घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगावाहून अडीच कोसांवर एक मौजे आहे. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण लिहिणारास त्याच गावात राहणे आहे. तेथे जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, पहिलीचा पट बावीस, आणि त्या बावीस जणांस इंग्रजी कोणत्या रीतीने वाचावयास शिकवावे यावरून सालमजकुरी जे रण माजले, ते जैसे घडले तैसे लिहिले असे.

शाळेचे अधिपती मुख्याध्यापक तातेराव गुरुजी. तीस वर्षे खडूची चाकरी आणि इंग्रजीचा अभिमान जबर. त्यांची रीत घोषाची. गुरुजींनी ललकारावे, सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, आणि मग फौजेने तेच तीन वेळा ऐसे गर्जावे की शेजारच्या गोठ्यातील म्हैस उठून उभी राहावी. त्या 'म्हणजे'ची गुरुजींस ऐसी सवय जडली होती, की लग्नाच्या मांडवात 'वेलकम'ची पाटी दिसली तरी 'वेलकम म्हणजे सुस्वागतम' म्हटल्यावाचून त्यांस घास उतरत नसे.

दुसऱ्या सरदार दैवशालाबाई, माहेर जांब समर्थचे, शाळेवर येऊन दोन वर्षे. बाईंनी एके दिवशी पाहिले की पोरे पुस्तक उलटे धरूनही धडा अस्खलित म्हणतात, आणि मग त्यांच्या ध्यानी आले की हे वाचन नव्हे, ही आरती आहे. मग त्यांनी ध्वनीची रीत काढली: प्रत्येक अक्षराचा आवाज ओळखावा, आवाजास आवाज जोडावा आणि शब्द आपला आपण उभा करावा. वर्गातून 'स्स' आणि 'फ्फ' ऐसे आवाज निघू लागले, तेव्हा गुरुजींनी भर ओसरीवर विचारिले, की बाई, खिचडीचा कुकर वर्गात आणला काय?

इतक्यात तिसरा गनीम उमटला. शहरातील इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज वेशीवर येऊन भोंगा वाजवू लागली आणि पालकांची मने डळमळली. मग शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, कृषी सेवा केंद्राचे धनी, राजमान्य राजश्री मच्छिंद्रराव यांनी फर्मान सोडिले: अकरा पोरे गुरुजींनी घ्यावी, अकरा बाईंनी, दीड महिन्याने पालकांसमक्ष इम्तिहान व्हावा, ज्याची फत्ते त्याची रीत चालावी, आणि दोघांचीही शिकस्त जाहली तर सोमवारपासून सगळी पोरे गाडीत बसावी. पट गेला की एक शिक्षक अतिरिक्त, आणि अतिरिक्त म्हणजे बाईच. हुकूम निघेल तिकडे, भोकरदन म्हणा की परतूर, चंबूगबाळे हलवावे लागणार. परंतु बाईंस त्याहून काळजी आपल्या अकरांतील लायबाची होती. घरी उर्दू, शाळेत मराठी, वरून इंग्रजी, यास्तव गुरुजींनी त्या पोरीवर केव्हाच पाणी सोडिले होते. ती आता कोठे बोट फिरवीत अक्षरे जोडू लागली होती. बाई गेल्या तर ते बोट पुनः थांबणार, या विचाराने बाईंस अन्न गोड लागेना.

दीड महिना सरता शनिवारी सकाळी ओसरीवर पालक जमले. प्रथम गुरुजींच्या फौजेने धडा ऐसा दणाणून म्हटला की आयाबाया सद्गदित जाहल्या. मग बाई उठल्या आणि अर्ज केला, की आमच्या पोरांस पुस्तकाबाहेरील मजकूर द्यावा, कधी न पाहिलेला. मच्छिंद्ररावांनी भोवताली नजर टाकिली. लायबाची दादी कमरबी सोयाबीन बियाण्याची रिकामी बॅग अंथरून बसली होती. रावसाहेबांनी तिला उठवून बॅग मागविली आणि दुकानाची जाहिरातही साधली: "वाच पोरी, बिनधास्त वाच. आपल्याच दुकानातली हाय!"

लायबाने बोट ठेविले. कोणी खोकले, कोणी हसले. मग पोरीने 'स्स' केले, पुढे सरकली, अडली, माघारी आली, पुनः चाल केली, आणि एकेक शब्द सर केला: सॅम्पल. नॉट. फॉर. सेल.

पालकांत अर्थ कोणासच उमगला नाही. मच्छिंद्रराव म्हणाले, "तिकडं नुसतं पाठांतर, अन् इकडं ह्याला काय वाचणं म्हन्त्यात? पोरगी काय बी बरळून राह्यली." पालकांनी माना डोलाविल्या. इम्तिहान बाईंचाच, तेव्हा त्यांची साक्ष कोण धरणार? बाईंनी मनात भोकरदनची वाट धरिली.

परंतु तातेराव गुरुजींची अवस्था बिकट जाहली. इंग्रजी शब्द हवेत लटकलेले आणि त्यांस 'म्हणजे' नाही! गुरुजींनी ओठ आवळिले, खिशातून दस्ती काढून तोंडात धरिली, आणि अखेर तीस वर्षांची सवय बांध फोडून निघाली: "सॅम्पल म्हणजे नमुना! नॉट फॉर सेल म्हणजे विक्रीसाठी नाही!" आणि मग त्यांच्या अकरा शिलेदारांनी, शिस्तीस जागून, तेच तीन वेळा गर्जून सांगितले. म्हैसदेखील उठली.

कमरबीने कमरेवर हात ठेविले. "हौ क्या मच्छिंद्रभाऊ? मेरेसे तो इसके पूरे पैसे लिये ना तुम!" मागून भारत नावाचा एक पालक ओरडला, "थांबा थांबा, माझ्या घरी बी असल्या दोन बॅगा हायेत!" फुकट वाटावयाचा माल रावसाहेबांनी मृगात दुकानातून विकिला होता, आणि ते सहा वर्षांच्या पोरीने बोटाने धरून काढिले. आता पोरगी चुकली म्हणावे तर तीस वर्षांचे गुरुजी खोटे पडतात, ते गाव मानणार नाही, आणि गुरुजी खरे तर आपण खोटे. रावसाहेबांनी उपरण्याने घाम पुसला आणि हळूच फर्माविले, "पोरगी बराबर वाचती."

तेथेच तह जाहला. वाचावयास बाईंनी शिकवावे, 'म्हणजे' गुरुजींनी सांगावे, आणि रावसाहेबांनी पुढल्या मृगापूर्वी घरोघरी तितकेच बियाणे विनामूल्य पोहोचते करावे. गुरुजी लायबाजवळ आले, तिच्या डोक्यावर हात ठेविला आणि म्हणाले, "मीच चुकलो गं." हे लिहिणाराने स्वतः ऐकिले.

सोमवारी पिवळी गाडी आली, वेशीवर तीनदा भोंगा वाजविला, कोणी चढले नाही आणि वळली. तिच्या पाठीवरील अक्षरे लायबाने बोट उगारून वाचली, "स्टॉप!" ओसरीवरून गुरुजी गरजले, "स्टॉप म्हणजे थांब!" परंतु गाडी थांबली नाही. मग दैवशालाबाईंनी हजेरीपट उघडिला आणि या मोहिमेची फत्ते खालीलप्रमाणे दफ्तरी दाखल केली: पहिली, पट बावीस, हजर बावीस.