चीफसाहेबांचं कंपनी फिटिंग

चीफसाहेबांनी चहाला बोलावलं की चहा गाडीत मिळायचा. वर त्यांचा दिवाणखाना होता, सोफा होता, बाल्कनीतून कॉन्डोचा पोहण्याचा तलाव दिसायचा. पण ते सगळं त्यांच्या मते पाहुण्यांना बसवण्याच्या लायकीचं नव्हतं. थर्मास आणि कप घेऊन ते आम्हाला इमारतीखालच्या, बाजूंनी उघड्या कार पार्कमध्ये न्यायचे, मला पुढे डावीकडे बसवायचे, माझ्या नवऱ्याला मागे, आणि दारं लावून घ्यायचे. गाडी सुरू व्हायची नाही. कुठे जायचंच नसायचं. बिस्किटं डॅशबोर्डवर मांडलेली असायची.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही तेव्हा सिंगापुरात, बुकित तिमाहला राहत होतो. श्रीकांत रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि मी घर आणि स्वतःची जीभ. पैकी घर सांभाळलं जायचं. चीफसाहेब, म्हणजे सदानंद मयेकर, आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर. मूळचे मालवणचे. उभं आयुष्य बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून चीफ इंजिनियर झाले, आणि मग कंपनीने त्यांना बोटींच्या दुरुस्तीवर देखरेख करायला सिंगापुरातच कायमचं बसवलं. सुलभाताई, त्यांच्या मिसेस, मालवणात शाळेत शिकवत होत्या. सासू-सासरे, नोकरी, घर, सगळं तिकडे. त्यामुळे चीफसाहेब इथे एकटे, भात-आमटीचे आणि गाडीचे.

जमिनीवर उतरले तरी त्यांची भाषा बोटीवरच राहिली होती. डिकीला ते इंजिनरूम म्हणायचे. डॅशबोर्ड म्हणजे ब्रिज. मागे बसणारा श्रीकांत म्हणजे बॅलास्ट. आपल्याला नुसतं वजन म्हणून बसवतात हे कळल्यावर श्रीकांतने आठवडाभर चहा नाकारला होता.

आता ती म्युझिक सिस्टीम. सिंगापुरात गाडी दहा वर्षांची झाली की तिचं सर्टिफिकेट संपतं, आणि चांगली धडधाकट गाडी सरळ भंगारात जाते. अशाच एका भंगारवाल्याकडे चीफसाहेबांना एक श्रीमंती जर्मन गाडी दिसली. गाडीकडे त्यांनी बघितलंही नाही. तिच्या पोटातली सबंध म्युझिक सिस्टीम तेवढी सोडवून आणली. कॅसेटचा डेक, डिकीतला अॅम्प्लिफायर, दारातले मोठे स्पीकर, आरशाशेजारचे नखाएवढे छोटे स्पीकर, आणि या सगळ्यांना जोडणारं वायरींचं भलंमोठं जंजाळ. आणि हे सगळं ते बसवणार होते आपल्या म्हाताऱ्या जपानी गाडीत.

"अहो, नवीन का नाही घेत?" मी विचारलं.

"कंपनी फिटिंग ते कंपनी फिटिंग, वहिनी. दुकानात मिळतो तो नुसता आवाज. हे कंपनीच्या माणसांनी गाडीत बसून, कान लावून ठरवलेलं असतं."

"पण ते त्यांच्या गाडीत बसून. तुमच्या नव्हे."

"थिअरी बरोबर आहे तुमची," ते म्हणाले आणि कामाला लागले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. थिअरी बरोबर आहे, याचा अर्थ तुम्ही आता गप्प बसलात तरी चालेल.

पुढचे कित्येक शनिवार-रविवार त्या गाडीची चारी दारं सालं काढल्यासारखी उघडी होती. जर्मन प्लग जपानी सॉकेटमध्ये जाईना. मोठा स्पीकर दारात बसला, पण मग खिडकीची काच अर्ध्यावरून खाली येईना. बॅटरी काढली की तो डेक मुका व्हायचा आणि गुप्त आकडे मागायचा. ते एकदाचे भंगारवाल्याने जुन्या मालकाकडून मिळवून दिले, पण चीफसाहेबांनी धसकाच घेतला. तेव्हापासून बॅटरी बदलायची तर शेजारी दुसरी बॅटरी जोडून, डेकला पत्ता न लागू देता बदलायचे. झोपलेल्या बाळाखालची दुपटी बदलतात तसे.

आणि एका संध्याकाळी ती सिस्टीम बोलली.

मी टोमणे मारते, पण जे खरं ते सांगते. तसं ऐकणं मला त्याआधी माहीत नव्हतं. बाहेर पाऊस नुकताच थांबला होता. तलावातल्या दिव्यांचं निळं पाणी कार पार्कच्या छतावर हलत होतं. डेकचा हिरवा उजेड चीफसाहेबांच्या चष्म्यावर. काचा वर होत्या, आणि आत भजनाची एक जुनी कॅसेट लागली होती. तंबोरा पायाखालून यावा, गाणारी बाई अगदी काचेपलीकडे उभी असावी, आणि टाळ आपल्या कानाच्या पाळीला लागून वाजावेत असं ते होतं. थोड्या वेळाने आपण सिंगापुरात आहोत की कुठे, हेच मला कळेना. गाडी जागची हललेली नव्हती, तरी मी फार लांब जाऊन आले. मागे बॅलास्ट डोळे मिटून बसला होता.

"टाळ ऐकू येतात?" चीफसाहेबांनी विचारलं.

"येतात की. काय सुंदर येतात."

त्यांनी खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक छोट्या स्पीकरच्या कडेला टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानामागे. इंजिनाचं बेअरिंग असंच ऐकतात म्हणे. बराच वेळ ऐकून त्यांनी निकाल दिला, "मेलाय. टाळ नाहीत."

पुढच्या रविवारी छोट्या स्पीकरांची नवी जोडी आली. तीही मेलेली निघाली. मग तिसरी. दर वेळी मी डावीकडे बसून सांगायचे, येतात हो टाळ, आणि दर वेळी ते म्हणायचे, "वहिनी, मला बरं वाटावं म्हणून बोलू नका." आता मी पुण्याची, आणि पुण्याच्या माणसावर हा आरोप आजवर कोणी केला नव्हता.

शेवटी त्यांनी वरच्या पट्टीचं बटण होतं तेवढं फिरवलं. टाळ असे सुटले की माझ्या दाढा शिवशिवल्या. आमचा म्हातारा चिनी वॉचमन कानांत बोटं घालून धावत आला. "अंकल, टू शार्प लाह! माय टीथ पेन!"

चीफसाहेबांनी वॉचमनकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी कानावर हात ठेवला होता, तो मला पटकन काढता आला नाही. त्यांनी आरशात श्रीकांतकडे बघितलं, तर तोही वाकडं तोंड करून बसलेला. मग त्यांनी हळूच बटण मागे फिरवलं.

 वॉचमन निघून गेला. कॅसेटची बाजू संपली.

"इंजिनरूममध्ये आमच्या पिढीने कधी कान झाकले नाहीत," ते म्हणाले. "कान झाकले तर इंजिन काय म्हणतंय ते कळायचं कसं?"

"नोव्हेनाला चांगले कानाचे डॉक्टर आहेत, चीफसाहेब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका तो सरळ होता.

"थिअरी बरोबर आहे. पण डॉक्टरने सांगितलं की ते खरं होईल, वहिनी. स्पीकर काय, बदलता येतात."

मग पुसलेला चष्मा पुन्हा पुसत ते म्हणाले, "सुलभा रिटायर होतेय. येतेय कायमची. आजवर सुट्टीत घरी गेलो की घर माणसांनी भरलेलं. उरलेलं वर्ष फोन. फोनवर ती ओरडायची, मी ओरडायचो, पोस्टातली माणसं ऐकायची. जन्मभर बायको माझ्याशी ओरडून बोलली. आता जवळ येईल. हळू बोलेल. आणि मला..." त्यांनी नखाएवढ्या स्पीकरवर बोट ठेवलं. "शब्द येतात हो. त्यांच्या कडा येत नाहीत."

 मी थर्मासमधला उरलेला चहा ओतला आणि म्हटलं, "अण्णा, आता मी लावते. माझ्या कानाने." अण्णा का म्हटलं कोण जाणे. त्या संध्याकाळी मी सबंध सिस्टीम डावीकडच्या सीटसाठी लावून दिली. चालवणाऱ्याच्या वाट्याला त्यात काही उरत नव्हतं. त्यांना तेच हवं होतं.

डिसेंबरात सुलभाताई आल्या. चांगी विमानतळावरून आम्ही चौघं त्या गाडीत. सामान इंजिनरूममध्ये, मागे बॅलास्ट आणि मी. सुलभाताई बुटक्याशा, शांत, मांडीवर पिशवी धरून डावीकडे बसल्या. समुद्राच्या कडेने रस्ता जात होता. संध्याकाळ उतरली होती आणि नांगरलेल्या बोटींचे दिवे पाण्यावर दूरपर्यंत लागले होते. चीफसाहेबांनी कॅसेट लावली. टाळ सुलभाताईंच्या कानाशी वाजू लागले.

त्या नवऱ्याकडे वळून हळूच काहीतरी म्हणाल्या. मला मागे ऐकू आलं. त्या म्हणाल्या होत्या, "बारीक झालात हो."

"हो हो," चीफसाहेब समुद्राकडे बोट दाखवून म्हणाले, "सगळ्या तेलाच्या बोटी आहेत."

 श्रीकांतने माझा हात धरला. सुलभाताई क्षणभर नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला आणि ते इतक्या महिन्यांचं कंपनी फिटिंग एका बोटाने बंद केलं.

"मी म्हटलं," भरल्या वर्गाला शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "बारीक झालात!"

गाडीच्या काचा थरथरल्या. चीफसाहेबांनी गाडी कडेला घेऊन थांबवली.

"तुला माहीत होतं?"

"केव्हापासून! सुट्टीवर यायचात तेव्हा कढी वाढू का विचारलं की म्हणायचात, उद्या जाऊ. तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. चला आता, गाडी चालवा. ओरडायची मला सवय आहे."

चीफसाहेबांना लगेच गाडी चालवता आली नाही. आम्ही बोटींचे दिवे बघत बसलो.

त्यानंतर गाडीतला चहा आम्हाला मिळेनासा झाला. डावीकडची सीट भरली होती. संध्याकाळी दोघं थर्मास घेऊन खाली जायचे. कॅसेट हळू लावलेली असायची, आणि तिच्यावरून सुलभाताईंचा आवाज चढत चढत आमच्या खिडकीशी यायचा. माणसं कुजबुजून बोलतात ते सगळं त्या वर्गाच्या आवाजात बोलायच्या. तुमच्याशिवाय घर खायला उठायचं. तुमचा सदरा मी वर्षभर धुतला नव्हता. इतक्या वर्षांचं साठलेलं, एकेक.

आमच्या इमारतीत मराठी आम्हा दोघांनाच कळायची. म्हणून तो आवाज वर यायला लागला की मी उठायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.