हळदीत वाजलेली भीती

मोरिवलीच्या हरिचंद्रला घाबरलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं, कारण तो नेहमी एकटाच घाबरायचा. पण हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि नेमकं त्याच्या आदल्याच आठवड्यात पुतण्याचं, यज्ञेशचं, लग्न आलं. घर पाहुण्यांनी भरलं. बिचाऱ्याला घाबरायला कोपरा उरला नाही.

कारखान्यातल्या जनूचं हेच ऑपरेशन झालं होतं. टाके केव्हाच सुकले, पण जनू अजून उठता-बसता जांघेवर हात ठेवून कण्हतो. आपलंही तसंच झालं तर? या विचाराने हरिचंद्रची झोप उडाली होती. उल्हासनगरच्या सर्जनने ते ओळखलं आणि ऑपरेशनआधी त्याला मानसतज्ज्ञ उमा मॅडमकडे पाठवलं.

"काका, भीती घेऊन टेबलावर गेलात तर दुखणं नंतर रेंगाळायची शक्यता वाढते," मॅडम म्हणाल्या. "ती भीती मोबाइलमध्ये स्वतःच्या आवाजात बोला आणि रोज डोळे मिटून ऐका. ऐकून ऐकून तिचा जोर ओसरतो."

"घरी नाय ना कलनार?"

"तुम्ही सांगितलंत तरच."

हळदीच्या संध्याकाळी डीजेवाल्या नितीनचा लॅपटॉप ऐनवेळी रुसला. मग हरिचंद्रचाच मोबाइल ब्लूटूथने स्पीकरला जोडून गाणी लावली. पंगत बसली, गाणी थांबली, तसा हरिचंद्र मोबाइल घेऊन मंडपामागे सटकला. मुलाने, कमलेशने, दिलेले इयरबड कानात घातले आणि स्वतःचं रेकॉर्डिंग लावलं. मोबाइल अजून स्पीकरलाच जोडलेला आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

बॉयलरपाशी काम करून त्याचे कान मंदावले होते. इतका खणखणीत आवाज ऐकून त्याला इयरबडचं फार कौतुक वाटलं. समाधानाने त्याने डोळे मिटले.

"मी हरिचंद्र," मंडपातले सगळे स्पीकर गरजले. "मना लय भ्याव वाटतंय. जांघेत कापतील. मंग जनूसारखा जल्मभर कन्हत बसलो तर? सगुणाला सांगता येत नाय. ती मना वाघ समजते."

पंगतीतले घास हातातच राहिले. हरिचंद्रने शेवटपर्यंत ऐकलं, शिकवल्याप्रमाणे सावकाश श्वास सोडला आणि डोळे उघडले. समोर खरकट्या हातांनी अख्खी पंगत उभी होती.

"भावजी, जांघेत?" वहिनी रंजना ओरडली. "आमाना तं पोटाचं सांगलंव!"

"काका, तुम्ही पन घाबरता?" हळदीने माखलेल्या यज्ञेशला हे पचेना.

"माजं नाव कशाला घेतलंस रे सगल्यांसमोर?" जनू पुढे आला. मग त्याचा आवाज उतरला. "मना पन भ्याव वाटत होतं. आधी कोनी विचारलंच नाय."

 बायको सगुणाबाई मात्र उष्टी ताटं उचलत राहिली.

नितीनने तेवढ्यात ते सगळं आपल्या मोबाइलमध्ये टिपून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने 'मना लय भ्याव वाटतंय'ला ढोल-ताशाची साथ दिली आणि ते गावभर पसरलं. लग्नाच्या वरातीत मुलं त्यावर नाचली. हरिचंद्र आधी तोंड लपवत फिरला, मग चिडला. एमआयडीसीत जाणाऱ्या रिक्षातही तेच लागलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "दुसरा काय तरी लाव ना, भाऊ."

"रेकॉर्डिंग ऐकता ना रोज?" शेवटच्या भेटीत उमा मॅडमनी विचारलं.

"सगला गाव ऐकवतो."

"आणि भीती?"

"कंटाला आला तिचा."

मॅडम खूश झाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी पोचलं. हरिचंद्रने मन चाचपून पाहिलं. भीती होती, पण अगदी किरकोळ. इतक्यात स्ट्रेचर थांबलं. सगुणाबाईने त्याची दांडी घट्ट धरली होती.

"सोड ना गं."

"सुटत नाय," ती म्हणाली. "तुमी मॅडमना सांगलंव, गावाला सांगलंव. मना कोनी विचारलं काय, तुजं कसं चाललंय म्हनून?"

हरिचंद्र ओशाळला. भर मंडपातही त्याला एवढी लाज वाटली नव्हती.

"बोल," तो म्हणाला. "मी ऐकतो."

सगुणाबाई बोलू लागली. ऑपरेशन पाऊण तास उशिरा सुरू झालं.