जप्तीवाले गाडेकर सर

कुणाच्या खिशात मोबाइल आहे, हे आमचे गाडेकर सर शिट्टी वाजवून ओळखतात. प्रार्थना संपली की कानठळ्या बसतील अशी एक शिट्टी. दचकून ज्याचा हात खिशाकडं गेला, तो सापडला!

"जप्त! बिलकुल ऐकणार न्हाई."

तीर्थपुरीजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत मोबाइलबंदी झाली, तेव्हा ते काम खेळाच्या सरांकडं आलं आणि सरांना जणू नवी नोकरी लागली. पहिल्याच दिवशी शिट्टी वाजली आणि हेडमास्तरांचाही हात खिशाकडं गेला. सरांनी तोही मोबाइल घेतला. "नियम म्हंजे नियम, साहेब." हेडमास्तर दिवसभर माझ्या पर्समधल्या मोबाइलवरून बोलत होते.

जप्त मोबाइल खेळाच्या लोखंडी पेटीत, हवा गेलेल्या फुटबॉलांच्या मधे. बंद करायला पोरं हटकून विसरायची. मी गणित शिकवायला लागले की शेजारच्या खोलीतल्या पेटीतून हलगी, आरती आणि कोंबड्याचं आरवणं एकदमच सुरू व्हायचं. सर एकेक फोन उचलत. "पोरगं शिकून राह्यलंय. शाळा सुटल्यावर, चारला करा!"

मात्र दिवाळीनंतर एक गोष्ट मला खटकायला लागली. अकराच्या सुमारास सर माझ्या वर्गाच्या दारात येत आणि ओरडत, "सोनाली, बाहेर ये! जल्दी!" सातवीतली गरीब पोर मान खाली घालून जायची. रोज काय रागवायचं तिला? शेवटी एक दिवस मी मागोमाग गेले.

स्वयंपाकखोलीमागं सोनाली भिंतीला टेकून साध्या बटनांच्या फोनवर बोलत होती. सर पाठ करून पहाऱ्याला उभे. मला बघून ते चपापलेच.

"मॅडम, कुणाला सांगू नका. हिचे मायबाप कर्नाटकात ऊस तोडायला गेलेत. ही मावशीकडं राहती. हिचा फोन पेटीत वाजला, तवा तिच्या आईला मी बी म्हणलो, चारला करा. तर ती म्हणली, 'सर, आता भाकर खाया बसलो म्हणून बोलते. चारला हातात कोयता असतो, अन् झोपडीवर रेंज न्हाई.' मंग काय करता?"

"अहो, पण ओरडता कशाला तिच्यावर?"

"न्हाई ओरडलं तर बाकीचे बी फोन मागतील ना!"

तेवढ्यात सोनाली म्हणाली, "सर, आई विचारून राह्यली, तुम्ही जेवलात का?"

बायको वारल्यापासून सर गावात एकटेच खोली करून राहतात. सकाळी चहा पिऊन येतात, रात्री काहीतरी शिजवतात. त्यांना हे विचारणारं कुणी नव्हतं.

"जेवलो म्हण," ते हळूच म्हणाले.

"खोटं कशाला सांगायचं, सर?" सोनाली म्हणाली आणि फोनमध्ये बोलली, "न्हाई जेवले, आई."

पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकवलं गेलं. सोनाली हसत होती.

त्या दुपारी खिचडीची पंगत बसली, तेव्हा गाडेकर सर पहिल्यांदाच ताट घेऊन आले आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसले.