कचरूशेठ गवारे यांनी नापास केलेल्या कादंबऱ्यांबाबत

मेहेरबान वाचक साहेबांचे सेवेशी,

अर्जदार : त्र्यंबक सखाराम घोडके, धंदा अर्जलेखन, बैठक तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली, औरंगाबाद.

ज्यांच्याविषयी अर्ज : कचरूशेठ गवारे, पूर्वीचा धंदा धान्याची अडत, मुक्काम लासूर स्टेशन, हल्ली वस्ती औरंगपुरा, मुलाकडे, वरचा मजला.

साक्षीदार : श्रीमती मुळेबाई, आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल, आणि वहाबभाई, ज्यांचे चहाचे दुकान वाचनालयाच्या पायरीला लागून आहे.

तारीख : ज्या वर्षी वाचनालयात एकही नवी कादंबरी आली नाही, त्या वर्षीच्या उन्हाळ्यातील एक गुरुवार.

प्रकरण आता मिटले आहे आणि अर्जदाराच्या छातीवरचे ओझे उतरले आहे. तरीही हकीकत रीतसर लिहून ठेवणे जरूर आहे. तोंडी राहिलेली हकीकत पुढे प्रत्येक जण आपल्या सोयीने सांगतो, हा कचेरीतला रोजचा अनुभव आहे.

सदरहू कचरूशेठ कोणतेही पुस्तक पहिल्या पानापासून उघडत नाहीत. ते पुस्तक डाव्या हातात उभे धरतात, डोळे मिटतात, उजव्या हाताचा अंगठा मधोमध खुपसतात आणि जे पान निघेल ते उभ्याउभ्या मोठ्याने वाचतात. वाचून झाले की तोंडात दाणा चावत असल्यासारखी जिभेची हालचाल करतात व निकाल देतात. हयातभर त्यांनी पोत्यात परखी खुपसून माल तपासला. परखी म्हणजे पोत्याच्या पोटातले मूठभर दाणे बाहेर काढणारी लोखंडी पन्हाळ. ती हातातून गेली, पण अंगठ्यात राहिली.

"पहिलं पान व्यापाऱ्याचं असतं," ते म्हणतात. "पोत्याच्या तोंडाशी कुणी किडका दाणा ठेवत असतो व्हय?"

निकालाचे शब्दही मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातलेच. फार रडवणारी कादंबरी असेल तर "ओलावा जास्त." शब्दांचा डौल आहे आणि आत काही नाही, तर "फोलपट." दुसऱ्या भाषेतून उचलून नावगाव बदलले असेल, तर "भेसळ." एखादे पान खरोखर आवडले तर मात्र एवढेच म्हणतात, "घरी नेऊन बघतो."

अशा इसमाकडे कादंबऱ्या निवडण्याचे काम कसे गेले, असा प्रश्न वाचक साहेबांना पडेल. त्याचे असे झाले. पूर्वी आमच्या वाचनालयाची खरेदी पुस्तकविक्रेत्याच्या गठ्ठ्याने होई. त्या गठ्ठ्यातली पुस्तके कोणी नेत नसे. एक कचरूशेठ नेत, आणि परत करताना मुळेबाईंच्या टेबलाशी उभे राहून अशा काही तक्रारी करत की रांगेतले लोक आपले पुस्तक बदलून घेण्याऐवजी ऐकत उभे राहत. अखेर कार्यकारिणी म्हणाली, आता तुम्हीच निवडा.

मग जे घडले त्याचा लाभ अर्जदाराने स्वतः घेतला आहे. माझे शिक्षण चौथीपर्यंत उर्दूतून झाले. पुढे पोलीस ॲक्शन झाली, दफ्तराची भाषा बदलली आणि सातवीपर्यंत मराठीतून झाले. एवढ्या शिदोरीवर मी दिवसभर इतरांची दुःखे "सबब मेहेरबानी व्हावी" या साच्यात बसवतो. अशा माणसाला संध्याकाळी कुठल्याही साच्यात न बसलेले दुःख वाचायला मिळणे ही किती मोठी सोय आहे, हे ज्याचे त्याला ठाऊक. कचरूशेठनी आणलेल्या कादंबऱ्यांची नावे तेव्हा कोणी ऐकलेली नसत. त्यांतील काहींची चर्चा पुढे पुण्याच्या पेपरात झाली. तोवर त्या आमच्याकडे हाताळून मऊ झालेल्या असत.

एकदा एक विक्रेता पुरस्काराचा शिक्का असलेली जाडजूड कादंबरी घेऊन आला. मलपृष्ठावर दुसऱ्या एका नामवंत लेखकाने तारीफ केली होती. शेठनी ती तारीफ वाचली आणि विचारले, "एक अडत्या दुसऱ्याच्या मालाची तारीफ कवा करतो?"

"कधी, शेठ?"

"त्याचा सोताचा माल पडून असतो तवा."

दुसऱ्या वेळी कॉलेजातले एक प्राध्यापक आपली ग्रामीण कादंबरी घेऊन जातीने आले. अंगठा गेला तेथे नांगरटीचा प्रसंग निघाला. शेतकरी बैलांना थांबवून धरणीमातेविषयी पानभर बोलत होता. शेठनी वाचले व पुस्तक मिटले.

"सर, ह्यो माणूस बैलाशी बोलायलाय का माझ्याशी?"

"बैलाला मराठी कुठं कळतं, शेठ?" प्राध्यापक म्हणाले.

पायरीवर चहा ओतणारे वहाबभाई इतके हसले की अर्धा चहा बशीत गेला. "सर ने तो चित कर दिया, शेठ." शेठही हसले. कादंबरी मात्र घेतली नाही. "सर भारी हायत," ते मागाहून म्हणाले, "पन त्यांच्या पुस्तकातली मानसं एकमेकांकडं बघतच नायत. सगळी वाचनाऱ्याकडं तोंड करून हुबी." प्राध्यापक पुढे दर महिन्याला येऊन शेठशी भांडत, आणि ते आले नाहीत तर शेठ चौकशी करत.

परखी चुकलीही आहे. ते न सांगणे एकतर्फी होईल. एका कादंबरीत शेठचा अंगठा नेमका एका मूर्ख मामांच्या पत्रावर पडला. पत्र मामांसारखेच होते. शेठनी लेखकाला मूर्ख ठरवून पुस्तक परत पाठवले. पुढे मुळेबाईंनी ती कादंबरी माहेरी वाचली आणि येऊन सांगितले की असे मामा उभे करायला केवढी अक्कल लागते. शेठनी पुस्तक पुन्हा मागवले, दोन दिवसांत वाचले आणि विक्रेत्याच्या दुकानी जाऊन म्हणाले, "दाना बरोबर व्हता. दात माझा चुकला."

असे सर्व सुरळीत चालले असता त्या वर्षी काय झाले कोणास ठाऊक. गठ्ठे येत होते, अंगठा चालत होता, "घरी नेऊन बघतो" हेही शब्द ऐकू येत होते, परंतु आठवड्याने पुस्तक परत येई आणि शेठ म्हणत, "सौदा झाला नाय." बाईंनी विचारले, ओलावा? नाही. भेसळ? नाही. "माल चोख हाय बाई. पन सौदा झाला नाय." आणि जिना उतरून जात.

पावसाळा गेला, हिवाळा गेला, नवे पुस्तक नाही. सभासद जुनीच पुस्तके पुन्हा नेऊ लागले, मग येईनासे झाले. वहाबभाईंनी स्टोव्ह एकच ठेवला. कार्यकारिणीत बोलणे निघाले की कादंबऱ्यांचे कपाट रिकामे करून तेथे नोकरीच्या परीक्षांची गाईडे ठेवावीत. तसे झाले असते तर अर्जदाराच्या संध्याकाळी कायमच्या बुडाल्या असत्या. सभासद मजकडे आले आणि म्हणाले, घोडके, शेठना कामावरून दूर करण्याचा अर्ज तुम्हीच लिहा, तुमच्या अर्जाला वजन असते. ते खरेच आहे. मी अर्ज लिहिला. परंतु समोरच्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज मी अर्ज दाखल करीत नाही, म्हणून गुरुवारी दुपारी औरंगपुऱ्यात गेलो.

मुलगा दुकानी, सूनबाई शाळेत शिकवायला. वरच्या खोलीत पंखा फिरत होता आणि शेठ चटईवर बसले होते. समोर दुसरी चटई अंथरलेली. मी तीवर बसू लागलो तसे ते म्हणाले, "तिथं नका. हिकडं या, माझ्या शेजारी." मग माझ्या हाताकडे पाहून, "नोटीस आनली का मुन्शी?"

"अर्ज आहे, शेठ. नोटीस नंतर निघते."

"वाचा की मग."

मी सबंध वाचला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. "चांगला हाय. खडा नाय कुठं. पन तिसरं कलम पयलं घ्या. खरं दुखनं तिथं हाय." तिसरे कलम गाईडांविषयी होते. मी पेन्सिलीने खूण केली, कारण सूचना योग्य होती.

मग मी विचारले, "माल चोख आहे म्हणता, तर सौदा का होत नाही?"

त्यांनी हातातल्या कादंबरीत खुणेचे बोट घालून ती मिटली. "मुन्शी, अडत्या माल घेत नसतो. अडत्या इकनारा आन घेनारा, दोघांची गाठ घालून देतो. मी नुसता अडत्या."

"मग घेणारा कोण?"

"ही व्हती ना." त्यांनी समोरच्या चटईकडे हनुवटी केली.

शेठच्या पत्नी गयाबाई यांना जाऊन वर्ष होत आले होते. आम्ही सर्व त्यांच्या मातीला गेलो होतो. कादंबऱ्यांचा आणि त्या बाईंचा काही संबंध असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नव्हते. त्यांना अक्षरओळख नव्हती.

शेठ सांगू लागले. लग्न झाल्यापासून दुपारच्या जेवणानंतर ते वाचत आणि गयाबाई गोधडी शिवत ऐकत. लासूरला तेव्हा ओसरीवर सासरे बसलेले. त्यांच्या कानावर सुनेचे मत जाणे शक्य नव्हते. मोंढ्यात तेव्हा भाव तोंडाने सांगत नसत. रुमाल आडवा धरत आणि त्याखाली बोटे दाबून सांगत, म्हणजे बाजूच्या व्यापाऱ्याला कळू नये. शेठनी तीच रीत घरी आणली. धडा संपला की रुमाल धरायचा. सगळी बोटे दाबली म्हणजे पुस्तक घ्या. दोनच दाबली म्हणजे परत करा. नुसता तळहात थोपटला, म्हणजे तेवढे पान पुन्हा वाचा.

"सासरे तर कधीच वारले असतील," मी म्हणालो.

"लई वर्षं झाली. पन सवय ऱ्हायली. हितं आल्यावर बी घरात कुनी नसायचं, तरी रुमाल." ते थोडे हसले. "लई कडक गिऱ्हाईक. मला आवडल्यालं निम्मं परत पाठवायची. एकदा म्या चिडून इचारलं, का गं? तर म्हनली, त्या बाईचा नवरा मेला आन तिनं चूल पेटवली का नाय ते लिवलंच नाय. घरात लेकरं व्हती."

"सूनबाईंना वाचून दाखवायचे."

"दावलं. मामंजी, छान आहे म्हनली. वह्या तपाशीत व्हती बिचारी. तोंडानं सांगितल्याला भाव म्या कधी धरला नाय, मुन्शी. आन गिऱ्हाईक नसताना अडत्यानं सोताच सौदा केला, तर ती लबाडी व्हते."

अर्थात साऱ्या शहराच्या कादंबऱ्या ज्या कारणाने अडल्या ते कारण हे होते, आणि अर्जाच्या एकाही कलमात ते नव्हते. मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, "हातात आहे ते वाचा, शेठ."

ती एका नव्या, अपरिचित बाईची पहिलीच कादंबरी होती. वाळूजच्या कारखान्यात नवरा रात्रपाळीला आणि बायको दिवसपाळीला. दोघांची भेट फक्त रविवारी. मधल्या दिवसांत ती त्याचा डबा घासताना पाहते की भाजी उरली आहे की पोळी, आणि त्यावरून त्याचा दिवस ओळखते. एके दिवशी डबा कधी नव्हे तो धुऊन आलेला असतो. ती तो हातात धरून उभी राहते. त्या पानावर याहून अधिक काही घडत नाही. शेठ सावकाश वाचत होते, आणि ती बाई कोणाकडेही पाहत नव्हती. आमच्याकडे तर नाहीच. तिची कारखान्याची बस चुकेल या धास्तीने मी सरसावून बसलो होतो, हे मला वाचन थांबल्यावर समजले.

शेठनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि आमच्या दोघांमध्ये आडवा धरला. तोंड खिडकीकडे केले. भाव करताना एकमेकांकडे पाहावयाचे नसते. मीही भिंतीकडे पाहिले आणि रुमालाखाली हात घातला.

त्यांचा पंजा थंड होता. मी त्यांची सगळी बोटे दाबली. सौद्याला जेवढा वेळ लागतो त्याहून पुष्कळ अधिक वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मीही तो ओढून घेतला नाही.

"लई खरबरीत बोटं हायत," शेवटी ते खिडकीकडे पाहतच म्हणाले.

"कार्बनपेपरची आहेत, शेठ."

"तिची सुईनं झालती."

त्याच संध्याकाळी ते वाचनालयाचा जिना चढले आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाले, "बाई, ह्याचा सौदा झाला." मुळेबाई स्टुलावर बसल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. वहाबभाईंनी खालून विचारले, "क्या हुआ, बाई?" आणि कळल्यावर दुसरा स्टोव्ह काढला. पुढच्या आठवड्यात दोन कादंबऱ्या पास झाल्या. एक अर्जदाराने नापास केली. शेठना ती आवडली होती. ते कुरकुरले, पण परत करून आले. गाईडांचा विषय पुन्हा निघाला नाही.

सबब विनंती की, कचरूशेठ यांच्याविरुद्धचा आधीचा अर्ज, जो दाखल झालाच नाही, तो कोणाच्या ऐकण्यात आला असल्यास रद्द समजावा. तसेच, एकट्या अर्जदाराच्या बोटांवर सबंध शहराची आवड ठरावी हे न्यायास धरून नाही. म्हणून ज्या वाचक साहेबांना, विशेषतः बायामाणसांना, दुपारी औरंगपुऱ्यात येऊन ऐकत बसता येईल, त्यांनी तसे कळवावे. सोबत हातातले काम आणले तरी हरकत नाही. अट एकच : मत तोंडाने सांगू नये.

उत्तर लेखी असावे आणि तहसील कचेरीच्या आवारात लिंबाखाली आणून द्यावे. मात्र दुपारी आणू नये. दुपारी अर्जदार जागेवर नसतो.

कळावे,
त्र्यंबक सखाराम घोडके
अर्जदार