एका मिनिटातले प्राणी

"एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मास्तरांनी ते मिनिट भांडणात घालवलं.

"मी काय बालवाडीत आलोय?"

"वेळ सुरू झालीय, मास्तर."

"अहो, अर्धं शहर मी गाडी शिकवून रस्त्यावर आणलंय. तुम्हालासुद्धा. आणि मला माकड-मांजर विचारता?"

"माकड, मांजर. दोन झाले."

मिनिट संपलं तेव्हाही दोनच होते.

मास्तरांचं यकृत कडक होत चालल्याचं गेल्या वर्षी कळलं होतं. आयुष्यात दारूचा थेंब न घेता कळलं, म्हणून त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं. आज बरगड्यांवर टिचक्या मारणारं मशीन फिरवून झालं, रक्तातल्या प्लेटलेट्स पाहून झाल्या. दोन्ही ठीक, म्हणजे तूर्तास घशातून नळी घालून तपासायला नको. उरलं होतं डोकं.

"थकलेलं लिव्हर रक्तातला कचरा नीट गाळत नाही, तो मेंदूपर्यंत पोचतो," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "माणूस दिसायला ठणठणीत, पण सगळं एक क्षण उशिरा. घरात तो क्षण कोणाच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर येतो."

मास्तरांची मुलगी शेजारी बसून ऐकत होती. मागच्या महिन्यात सिग्नलला बाबांचा पाय ब्रेकवर जरासा उशिरा पडला होता. मागच्या सीटवर ती होती आणि तिच्या मांडीवर बाळ. डॉक्टरीणबाईंच्या कानावर तिनेच ते घातलं होतं.

"वाद घातलात म्हणून दोन की खरंच दोन, हे कळेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा या. आणि एकच प्राणी दोनदा सांगितला तर एकदाच मोजते मी."

गाडी नाही म्हणजे मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल नाही, आणि स्कूल नाही म्हणजे मास्तरच नाहीत. त्यांची शिकवण्याची पद्धत साधी होती. शेजारच्या सीटवर बसायचं, तिथल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि शिकणाऱ्याला त्याच्या लायकीचा प्राणी बहाल करायचा. अपवाद एकच, जावई. "जावईबापू, आपण क्लच सोडताना जरा..." एवढं बोलून ते पुढचा शब्द गिळत आणि ब्रेक दाबत. यकृत त्या गिळलेल्या शब्दांनीच बिघडलं, असं मास्तरांच्या बायकोचं ठाम मत होतं. जावयाला लायसन्स मिळालं, पण गाडी थांबवणं हे आपलं काम आहे, असं त्याला कधी वाटलंच नाही. ती आपोआप थांबायची.

घरी आल्या आल्या मास्तरांनी बाळाचं चित्रांचं पुस्तक ताब्यात घेतलं.

"बाबा, पाठ करून पास झालात तर मला काय कळणार?"

"पास झालो हे कळेल."

"मला तुमचे मार्क नकोत. तुम्ही बरे आहात का, ते हवंय."

"मी बराच आहे. वाघ, सिंह, हत्ती."

शेवटी बाळानेच मध्यस्थी केली. आजोबांचा डोळा लागला तेव्हा त्याने पुस्तकाची उरलेली पानं एकाग्रतेने चघळून संपवली.

पुढच्या आठवड्यात गाडी जावयाने काढली. मास्तर सवयीने शेजारच्या सीटकडे वळले.

"बाबा, मागे. ब्रेक दाबणं म्हणजे गाडी चालवणंच," म्हणत मुलीने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं आणि स्वतः पुढे बसली. वाटेत जादा ब्रेक तिलाच अनेकदा दाबावा लागला. जावई खुशीत होता. "बघ, किती स्मूथ चालते आता माझ्या हातून." दवाखान्याच्या दारात तिघांना उतरवून तो गाडी लावायला एकटाच गेला.

"सुरू करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"वाघ, सिंह, हत्ती, अस्वल, जिराफ, झेब्रा, उंट," मास्तरांनी डोळे मिटून सुरुवात केली आणि ते थांबले. का थांबले ते मुलीला माहीत होतं. उंटानंतरचं सगळं बाळाच्या पोटात होतं. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. तिने बाळाला घट्ट धरलं.

तेवढ्यात खाली कोणीतरी हॉर्न वाजवला. मास्तरांनी डोळे उघडून खिडकीबाहेर पाहिलं. खाली पार्किंग गच्च भरलं होतं.

"डुक्कर," मास्तर म्हणाले. "दवाखान्यासमोर हॉर्न वाजवतोय. त्याच्यामागे कासव. ती स्कूटरवाली नाकतोडा. तिरका घुसतोय तो खेकडा. टेम्पोवाला घोरपड, भिंतीला चिकटलाय बघा. पलीकडे गोगलगाय..." त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. "तुम्ही नव्हे, तुम्ही सुधारलात. रेडा. बैल. आणि एकट्याने दोन गाड्यांची जागा अडवलीय, ते गाढव."

डॉक्टरीणबाईंचं पेन पळत होतं. पुरेसे कधीच झाले होते, पण मास्तरांना थांबवणार कोण?

मग खाली ड्रायव्हिंग स्कूलची पाटी लावलेली गाडी रिव्हर्स घेताना दिसली. शेजारची सीट रिकामी होती. गाडी अजिबात न डगमगता, कोणीतरी थांबवेलच या भरवशावर, मागे मागे येत राहिली.

मास्तरांचा उजवा पाय खोलीतल्या फरशीवर खाडकन दाबला गेला. मग, त्यानंतर, खालून 'धप्प' असा आवाज आला.

मुलगी खिडकीकडे बघतच नव्हती. ती त्या पायाकडे बघत होती. आवाजाच्या आधी पडला होता तो. तिने बाळाच्या टाळूवर ओठ टेकले आणि आठवडाभर अडकलेला श्वास सोडला.

"गा..." मास्तरांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी आवंढा गिळला. "नाही. ते आधी होऊन गेलंय. आणि जावई आहेत हो आमचे."

डॉक्टरीणबाई उठून खिडकीशी गेल्या. बराच वेळ त्या आपल्या पांढऱ्या गाडीच्या चेपलेल्या दाराकडे पाहत राहिल्या. मग परत येऊन त्यांनी पेन उचललं.

"गिळू नका, मास्तर, लिव्हरला बरं नाही ते," त्या शांतपणे म्हणाल्या. "सांगा. आजच्यापुरतं मी गाढव दोनदा मोजते."