डावा गुडघा, हजर?

आधी माफी मागतो. माझ्यासारख्याने कुणाचं व्यक्तिचित्र लिहायला बसावं हे जरा जास्तच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेत, आणि तेही विचारलं तेवढंच. पण इंगळे काकांविषयी कुणीतरी प्रश्न विचारील म्हणून थांबलो तर ते राहूनच जाईल. म्हणून न विचारता लिहितो.

इंगळे काका रोज सकाळी स्वतःच्या शरीराची हजेरी घेत. मोठ्याने. स्टेट कॉलेज नावाच्या या विद्यापीठाच्या गावात, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरमध्ये.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा तोंडात ब्रश होता. दार उघडून पाहिलं. कानटोपी, बिनबाह्यांचा स्वेटर, इस्त्री केलेली पँट, पांढरेशुभ्र बूट, हात पाठीमागे. एक गृहस्थ कार्पेटवरून संथ चालले होते.

"डावा गुडघा, हजर?" थोडं थांबून ते म्हणाले, "बरं. उशिरा आलात, पण आलात. उजवा गुडघा?" पुन्हा थोडं थांबले. "छान. कंबर? कंबरेला कुणी कळवलं नाही का?"

माझ्या मागे माझा रूममेट सोहम येऊन उभा राहिला. तो पुण्याचा. "यार," तो कुजबुजला, "हे काका बॉडीला मेमो देतायत."

काका बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेत कार्यालयीन अधीक्षक होते. नोकरी संपली, पण तिथली भाषा काही सुटली नाही. बर्फ पडला की ते म्हणत, "आज निसर्गाचं कामबंद आंदोलन." हीटर बिघडला की, "वरिष्ठांच्या निदर्शनास आणा." नात मैत्री रडत रांगत आली की, "शिष्टमंडळ आलं. निवेदन स्वीकारतो," असं म्हणून तिला उचलून घेत. त्यांची मुलगी प्रज्ञाताई विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये काम करते. जावई पिट्सबर्गला नोकरीला, शनिवारी येतो. म्हणून दिवसभर मैत्रीचं सगळं काकांकडे आणि सकाळचा हा वेळ तेवढा त्यांचा.

काकांच्या हजेरीत एक गोष्ट मला खटकायची. डाव्या गुडघ्यावर ते फार कडक होते. रोज ताशेरे. आणि तोच गुडघा तांदळाची गोणी घेऊन तीन मजले न थांबता चढायचा. मी मात्र दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा.

एकदा त्यांनी मला तसं उभं पाहिलं. "विद्यार्थी, पाठ निलंबित आहे का तुमची?"

"खुर्चीत बसून अभ्यास करतो ना काका, दुखते."

"चौकशी लावू. उद्यापासून कॉरिडॉरमध्ये रुजू व्हा."

असा मी रुजू झालो. समोरच्या फ्लॅटमधला टायलर पहिल्या आठवड्यात घाबरून दारात आला होता. "सर, आर यू ओके?" काकांनी हात वर करून सांगितलं, "अटेंडन्स. ओन्ली अटेंडन्स." त्यानंतर तो रोज दारातूनच "गुड मॉर्निंग, लेफ्ट नी" म्हणायला लागला. काका त्याला मान देत. "हा मुलगा आस्थापनेत हवा होता," म्हणत.

डिसेंबरमध्ये सगळेच सुट्टीवर गेले. काका महिनाभर बुलढाण्याला गेले. तेवढ्यापुरते जावई रजा काढून घरी थांबले. मी सोहमबरोबर त्याच्या मामांकडे एडिसनला गेलो. तिथल्या ओक ट्री रोडवरच्या देशी हॉटेलांत आम्ही काय काय खाल्लं ते इथे लिहीत नाही, आई हे वाचेल. परत आलो तेव्हा पँटचं बटण लागत नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी तडक विद्यापीठाच्या जिममध्ये गेलो आणि दिसेल ते उचललं. त्यानंतर कॅम्पस बसमध्ये वरची दांडी धरायला हात वर जाईना. एका आजींनी उठून मला जागा दिली.

काका त्याच आठवड्यात परतले होते. माझा हात बघून त्यांनी सगळं ओळखलं.

"रजेवरून आल्या दिवशी तुम्ही साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसलात. असं नसतं करायचं. आमच्या ऑफिसात महिन्याच्या रजेनंतर माणूस आला की पहिल्या दिवशी काय करायचा?"

"काम?"

"कधी ऐकलं नाही मी असं. पहिल्या दिवशी सही. गावाकडून आणलेलं वाटायचं, चहा प्यायचा, घरी जायचं. दुसऱ्या दिवशी टेबल पुसायचं. तिसऱ्या दिवशी एक फाईल उघडून बंद करायची. असा माणूस टिकतो. पहिल्या दिवशी सगळ्या फायली काढणारा चौथ्या दिवशी आजारपणाची रजा टाकतो." मग त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेले ज्वारीचे बिबडे काढून माझ्या हातावर ठेवले. "घ्या. आज तुम्ही बूट घालून दारापर्यंत आलात. सही झाली. जा."

मी गेलो. खरं सांगतो, इतक्या सोप्या व्यायामानंतर इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पण त्या आठवड्यात काकांचंच काहीतरी बिनसलं होतं. ते चालत, हजेरीही घेत, पण थांबण्याचा वेळ लांबत गेला होता. "डावा गुडघा?" म्हणून ते कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जात, खिडकीशी वळत, आणि हळूच म्हणत, "गैरहजर." उजवाही गैरहजर. कंबर गैरहजर. टायलर दारात आला तर त्याच्याकडे लक्ष नाही. सोहम म्हणाला, "जेट लॅग असेल." मलाही तसंच वाटलं.

मग एके सकाळी मी बूट घालून सही करायला दारात उभा होतो. काकांनी विचारलं, "डावा गुडघा?" काही नाही. "डावा गुडघा, हजर?" काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं. मग त्यांनी कानटोपी मागे सारली. कानात इअरफोन होता. तो काढून त्यांनी उलटसुलट करून पाहिला, खिशातून फोन काढला, दोन-तीन ठिकाणी बोट मारलं, आणि अख्ख्या कॉरिडॉरमध्ये एका बाईचा आवाज घुमला.

"हजर हाय म्हटलं ना! किती खेपा इचारता? लय दुखून रायलं, तसं लिवा!"

टायलरचं दार उघडलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला की मी नजर खाली घातली. ते बघणं माझं काम नव्हतं.

"इअरफोनची बॅटरी संपली," ते मला म्हणाले, आणि फोनला म्हणाले, "ऐकलं वं, ऐकलं. आठ दिवसांनी बोलली."

"कोन हाय तिथं?"

"विद्यार्थी."

"तो पाठवाला? चालते का तो?"

"आज त्यानं फक्त सही केली."

"मंग मी बी सहीच करते," काकू म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी काकांनी मला घरात नेऊन चहा दिला. इथली सकाळ ती बुलढाण्यातली संध्याकाळ. रोज त्या वेळी ते काकूंना फोन लावून कॉरिडॉरमध्ये येत. तो डावा गुडघा काकूंचा होता. नळावर पाणी भरताना त्या पडल्या, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. पासपोर्ट तयार, व्हिसा तयार. काका डिसेंबरमध्ये त्यांना आणायलाच गेले होते. निघायच्या आदल्या दिवशी प्रज्ञाताईंनी फोनवर सहज सांगितलं, आई, विमानतळावर तुझ्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. झालं. काकूंनी बॅग उघडून साड्या परत कपाटात ठेवल्या.

काकू अंगणवाडी सेविका होत्या. "पोलिओचे डोस पाजत अख्खी वस्ती मी पायाखाली घातली," त्या म्हणाल्या, "अन् नातीसमोर मले कोनी ढकलत आनन?"

प्रज्ञाताईंनी खूप समजावलं. आई, सगळ्यांचेच आईवडील ती खुर्ची घेतात, चालता येत नाही म्हणून नाही, इंग्रजी बोलावं लागू नये म्हणून. "मले इंग्रजी बी येते अन् चालता बी येते," काकू म्हणाल्या. त्यातलं एकही तेव्हा नीट खरं नव्हतं.

तिकीट रद्द झालं. मैत्रीकडे कुणी बघायचं, म्हणून काका एकटे परत आले. तेव्हापासून काकू फोन उचलत, पण हजेरीला त्यांनी आठ दिवस ओ दिली नव्हती.

"पण काका, तुम्ही महिनाभर तिथे होतात. तेव्हा चालल्या असतीलच की."

काका कपातल्या चहाकडे बघत होते. त्यांची ऑफिसची भाषा कुठे गेली कोण जाणे. "नाही ना रे. ती म्हणाली, तुम्ही आलात, आता हजेरी कायची? मले बी वाटलं, राहू दे. रोज बाजेवर बसून हुरडा खाल्ला आम्ही दोघांनी. अन् गुडघा आखडला तिचा." कप खाली ठेवून ते म्हणाले, "चूक नाही म्हणत मी. रजा होती. लय चांगली रजा होती."

दुसऱ्या दिवसापासून मी आणि काकू एका बॅचचे झालो. मी कॉरिडॉरच्या अर्ध्यापर्यंत गेलो की त्या अंगणाच्या अर्ध्यापर्यंत जात. मी टोक गाठलं की त्या फाटक गाठत. "पाठवाला कुठवर गेला?" एवढंच त्या विचारत. परीक्षेच्या आठवड्यात मी दार उघडलं नाही, तर काकांनी ठोठावलं.

"विद्यार्थी, तिकडे कामबंद झालंय."

"काका, उद्या पेपर आहे."

"त्या म्हणतात, तो बसला तर मी बी बसते."

मी पुस्तक हातात घेऊन चाललो. सोहम म्हणाला, "भावा, तुझ्यावर इंटरनॅशनल प्रेशर आहे." होतंच. माझ्या चालण्यावर कुणाचं काही अवलंबून असावं, असं याआधी कधी झालं नव्हतं. पाठ दुखायची कधी थांबली तेही कळलं नाही.

बर्फ वितळलं. काका इमारतीच्या अंगणात चालायला लागले, कानटोपी गेली, इअरफोन सगळ्या इमारतीला दिसला. काकू फाटकाबाहेर पडल्या. मग अंगणवाडीपर्यंत जाऊन आल्या. मग एक दिवस त्या बस स्टँडवरून बोलल्या, मागे गाड्यांचे हॉर्न, आणि काका पार्किंगमध्ये उभे राहून ओरडले, "पदोन्नती!" नवीन तिकीट त्याच दिवशी काढलं.

काकू यायच्या दिवशी काका, प्रज्ञाताई आणि मैत्री पहाटेच नेवार्क विमानतळावर जायला निघाले. प्रज्ञाताईंनी जाता जाता मला हळूच सांगितलं, "मी खुर्ची सांगून ठेवली आहे. लांबचा प्रवास आहे रे. बाबांना बोलू नकोस."

माझा त्या दिवशी कशातच जीव लागेना. खुर्ची बघून काकू तिकडच्या तिकडे मागे फिरल्या तर? मी कॉरिडॉरमध्ये एकटाच चाललो. टायलरने दार उघडून विचारलं, "नो अटेंडन्स टुडे?" मी नुसतं हसलो. दुपार झाली, लॅबमध्ये गेलो, परत आलो. फोन नाही. मी पुन्हा बूट घालून कॉरिडॉरमध्ये आलो.

तेव्हा प्रज्ञाताईंचा फोन आला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला आधी कळेना.

"आली. चालत आली रे! खुर्चीत तिने पिशव्या बसवल्या आणि स्वतः ढकलत बाहेर आली. तो खुर्चीवाला बिचारा शेजारून हात हलवत येत होता."

"आणि काका?"

"बाबांना तिला बघून उभंच राहवेना. आईने पिशव्या खाली ठेवल्या आणि त्यांना बसवलंय खुर्चीत. आता मैत्री त्यांच्या मांडीवर आहे आणि आई ढकलतेय."

मागून काकूंचा आवाज आला. फोनशिवाय तो फार जवळचा वाटला.

"डावा गुडघा, हजर?"



"नाही जी," काका म्हणाले. "आज किरकोळ रजा द्या."